वहिनी घाट चढतात

वहिनी गाडी शिकल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. तिथे मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, त्यामुळे इतके दिवस गाडी नक्की कोण चालवत होतं, याबद्दल घरात दोन मतं होती. पक्कं लायसन हातात पडल्यावर याचा निकाल लावायला आम्ही पुण्याहून पाचगणीला निघालो.

दादाला मी मागे बसवलं. नवशिक्या बाईच्या शेजारी तिचा नवरा बसवू नये. पण मागे बसूनही त्याचा ब्रेक चालूच होता. कात्रजचा बोगदा येईपर्यंत माझ्या सीटच्या पाठीत त्याचे गुडघे पार रुतले होते.

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला, दांडी वर गेली आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"भावजी, दांडी डोक्यात पडली तर?"

"पडली की बघू. क्लच दाबा, न्यूट्रल करा, चावी फिरवा."

खंबाटकीत ट्रकांची रांग थबकली, आमच्यासकट. "मागे चाललीय! अगं, मागे!" दादा ओरडला. गाडी जागची हलली नव्हती, शेजारचा ट्रक पुढे सरकला होता.

"हँडब्रेक ओढलेलाच राहू दे वहिनी. फर्स्ट टाका. क्लच हळूहळू सोडा. आवाज जड झाला? बॉनेट जरा उचललं? आता हँडब्रेक सोडा."

गाडी मुकाट्याने चढू लागली. माझं मत असं, की शिकवणाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि तीही वळणाच्या आधी. वळणात दिलेली सूचना ही सूचना नसते, किंकाळी असते.

वाईला ढोल्या गणपतीपुढे दादा बराच वेळ हात जोडून उभा होता. वहिनींनी तेवढ्यात भजी संपवली.

पसरणीच्या घाटात एका वळणावर ट्रक बंद पडलेला, जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वरून एक लांबलचक गाडी लाइट मारत आली आणि नाकासमोर उभी राहिली. मी काही बोलणार, तोच वहिनींनी काच खाली केली.

"अहो, अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं असतं, चढणाऱ्याला आधी वाट! लायसन काढताना वाचलं नव्हतंत का?"

तो गृहस्थ दादासारखाच कोणाचा तरी नवरा असावा. निमूट मागे गेला. वहिनींनी हाफ क्लचवर गाडी अलगद काढली.

"मी हेच सांगणार होतो," मागून दादा म्हणाला.