शक्यतेचा सातबारा

नाशिकहून दिंडोरीमार्गे सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे वणी हे गाव भाविकांना सप्तशृंगगडाच्या वाटेवरचा थांबा म्हणून आणि व्यापाऱ्यांना द्राक्ष-टोमॅटोचे ठिकाण म्हणून ठाऊक असले, तरी अलीकडे तेथे अशा एका मालाची उलाढाल वाढली आहे, ज्याची आवक बाजार समितीच्या दफ्तरात नोंदली जात नाही आणि ज्यावर अडत, हमाली, तोलाई यांपैकी काहीही आकारले जात नाही. हा माल म्हणजे व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळण्याची शक्यता. प्रवेश आणि प्रवेशाची शक्यता या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली अत्यंत दुर्मीळ असून ती अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूर अशा ठिकाणच्या भारतीय व्यवस्थापन संस्थांकडूनच, म्हणजे बोलीत ज्यांना आयआयएम म्हणतात त्यांच्याकडूनच, मिळू शकते. दुसरी मात्र विपुल असून ती वणीत कोणाकडूनही आणि बहुधा न मागता मिळते.

या शक्यतेच्या मोजमापाचे पहिले परिमाण 'पर्सेंटाइल' हे होय. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांमागे किती जण आपल्या मागे राहिले, हे तो आकडा सांगतो; त्यामुळे स्वतःला काय आले यापेक्षा इतरांना काय आले नाही याला त्यात अधिक महत्त्व असते, आणि जेथे बांधावरून भाऊबंदकी चालते अशा प्रदेशात ही संकल्पना समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. महाराष्ट्रातील सर्वसाधारण घरांत हा शब्द शिरला तो २००८ साली, जेव्हा अकरावीच्या प्रवेशासाठी निरनिराळ्या परीक्षा मंडळांचे गुण एका मापात आणण्याकरिता राज्य सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. सूत्र गेले, शब्द राहिला. आयआयएमच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, म्हणजे 'कॅट'ला, २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. त्यांत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे जवळपास २,९०० जण उरतात, तर अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा ४०० च्या आसपास असतात. हा हिशेब चौथीतल्या मुलाला जमावा इतका सोपा असला, तरी ९९ म्हणजे फक्त एक मार्क गेला, असे समजून पेढे वाटण्याची प्रथा तालुक्यात दृढ आहे, आणि पेढे खाणाऱ्याने हिशेब मांडू नये हा संकेतही तितकाच दृढ आहे.

कॅटच्या आकड्यावरच सारे ठरते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. अहमदाबादच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत जाहीर केलेल्या निकषांत दहावी, बारावी आणि पदवी यांच्या गुणांसाठी पट्टे पाडून दिलेले आढळतात. दहावीला ८० टक्क्यांहून अधिक आणि ९० पर्यंत गुण असतील तर १० पैकी ८, आणि ७० हून अधिक व ८० पर्यंत असतील तर ५, अशी ती व्यवस्था आहे. तिचा व्यावहारिक अर्थ असा की, ७९.८ आणि ८०.२ यांच्यात तीन गुणांची दरी पडते, तर ८०.२ आणि ८९.८ यांच्यात काहीच फरक उरत नाही. म्हणजेच पंधराव्या वर्षी भूमितीच्या एका आकृतीत काटकोनाची खूण करायची राहिली, की बाविसाव्या वर्षी उद्योगसमूह चालवण्याची पात्रता तेवढी घटते. त्यातही राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यासाठी एक विशेष तरतूद आहे. २०१० साली महाराष्ट्राने 'बेस्ट फाइव्ह'ची पद्धत आणली, म्हणजे सहा विषयांपैकी ज्या पाचांत सर्वाधिक गुण असतील त्यांचीच टक्केवारी धरायची, आणि ही सोय सर्वोच्च न्यायालयातही टिकली. परंतु अहमदाबादला ती मान्य नाही, कारण तेथे गुणपत्रिकेवर छापलेले सगळे विषय धरले जातात. ज्या सहाव्या विषयाचा निकालाच्या दिवशी घरात कोणी उच्चार केला नाही आणि चौकातल्या अभिनंदनाच्या फलकावर ज्याला जागा मिळाली नाही, तो सहा-सात वर्षांनी साबरमतीच्या काठी हजर होतो आणि आपला वाटा मागतो.

निकष इतके उघड असताना अंदाज वर्तवण्याचा व्यवसाय चालतो कसा, हे समजण्यासाठी या शास्त्राचा मूलभूत नियम मांडावा लागेल. अंदाजाची अचूकता, तो चुकल्यास अंदाज करणाऱ्याचे किती नुकसान होते याच्या सम प्रमाणात असते, असा हा नियम असून वणीपुरता तरी त्याला अपवाद सापडलेला नाही. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात जे शिकवणी वर्ग आहेत, त्यांतील समुपदेशक नावाचा अधिकारी अर्जदाराची गुणपत्रिका पाहून 'प्रोफाइल चांगले आहे, चान्स आहे' असे सांगतो, आणि शून्याहून मोठ्या कोणत्याही संख्येला चान्स म्हणता येत असल्याने गणिताच्या दृष्टीने तो खोटे बोलत नाही. शुल्क आधी भरलेले असते आणि निकाल नंतर लागतो; या क्रमातच त्याच्या आशावादाचे मूळ आहे. दुसरा अंदाजकार म्हणजे हिंजवडीला नोकरी करणारा मामा, ज्याच्या कंपनीत वरच्या मजल्यावर आयआयएमची माणसे बसतात आणि म्हणून ज्याचे मत ग्राह्य धरले जाते. त्याचा अंदाज फसला तरी पुढच्या दिवाळीत त्याचा पाहुणचार कमी होत नाही. तिसरा वर्ग शेजाऱ्यांचा असून ते शक्यता कमी असल्याचे सांगतात. त्यांचे भाकीत बहुतेक वेळा खरे ठरते, पण त्यामागे विश्लेषण नसून इच्छा असते, त्यामुळे शास्त्रात त्यांची गणना करता येत नाही.

स्वतःच्या खिशाला झळ बसणार असेल तर मूल्यमापन कसे केले जाते, याचा नमुना पाहायला फार दूर जाण्याची गरज नाही. द्राक्षाचा व्यापारी बागेत शिरतो तेव्हा तो बागायतदाराच्या घराण्याची चौकशी करीत नाही आणि वेलीच्या आत्मविश्वासावरही बोलत नाही. तो घड उलटून आतले मणी पाहतो, फुगवण मिलिमीटरमध्ये मोजतो, रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर रसाचा थेंब टाकून साखरेचे प्रमाण वाचतो, आणि मग किलोला रुपया-दोन रुपये कमी सांगतो. निर्यातीच्या मालाची तर बाग नोंदवावी लागते आणि औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकून पडली, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही पोळले, आणि त्यानंतर तपासणी अधिक कडक झाली. 'मालात पोटेन्शियल आहे' असे म्हणून कंटेनर भरल्याचे उदाहरण जिल्ह्यात आढळत नाही. व्यापारीच कधी कधी पैसे बुडवून पसार होतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु त्या प्रसंगी त्याचा द्राक्षाविषयीचा अंदाज चुकलेला नसतो, आणि शेतकऱ्याविषयीचा तर पूर्णपणे बरोबर निघालेला असतो.

परदेशी संस्थांच्या बाबतीत शास्त्र अधिक सूक्ष्म होते. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयासारख्या ठिकाणी परीक्षेच्या गुणांबरोबर निबंध मागितले जातात, आणि त्यांत अर्जदाराचे नेतृत्व दिसावे अशी अपेक्षा असते. वणीच्या अर्जदाराने नवरात्रात गडावरून ज्योत घेऊन येणाऱ्या मंडळाबरोबर अनवाणी धाव घेतलेली असते, आणि मागून येणाऱ्या टेम्पोत पाणी, केळी व डीजे यांची व्यवस्थाही पाहिलेली असते. सल्लागाराच्या लेखणीखालून गेल्यावर हीच घटना 'ग्रामीण युवकांच्या बहुस्तरीय चमूचे रात्रकालीन पुरवठा-व्यवस्थापन' या रूपाने समुद्रापार जाते. यातील विनोद असा की, टेम्पो वेळेवर पोहोचवणे हे खरोखरच कठीण काम असते, आणि ते ज्याने केले त्याला निबंध लिहिता येत नाही, तर ज्याला निबंध लिहिता येतो तो त्या रात्री नाशिकच्या वसतिगृहात शब्दसंग्रह पाठ करीत असतो. देशी संस्थांच्या मुलाखतीत याचा प्रत्यय वेगळ्या रीतीने येतो. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच जिचे भागधारक असतात अशी कंपनी, आज देशभर अभ्यासाचा विषय झालेली आहे, आणि तिचे संस्थापक विलास शिंदे यांचे शिक्षण कृषी अभियांत्रिकीचे आहे. तालुक्याचे नाव ऐकून परीक्षकाने या कंपनीविषयी विचारावे, आणि अर्जदाराने सिलिकॉन व्हॅलीतील कंपन्यांची तयारी करून आलेले असावे, हा योग तर्काच्या दृष्टीने अगदी संभवनीय आहे. मात्र कोणत्याही शिकवणी वर्गाच्या सराव-प्रश्नसंचात मोहाडीचा समावेश होण्याची चिन्हे नाहीत.

शक्यतेच्या कोणत्याही कोष्टकात हवामानाचा रकाना नसतो, ही या शास्त्राची सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, आणि ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या बागा नेमक्या त्याच सुमारास नाजूक अवस्थेत असतात. २६ नोव्हेंबर २०२३ या रविवारी देशभर तीन सत्रांत कॅट झाली, आणि त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट होऊन द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. परीक्षा केंद्रात मोबाइल नेता येत नसल्याने, आकलन, तार्किक मांडणी आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे देणाऱ्या उमेदवाराला घरच्या बागेची बातमी आत असेपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. आणि ज्याचे सत्र दुपारी उशिरा होते, त्याने आत जाताना आभाळ मात्र पाहिले असणार. तीन सत्रांच्या प्रश्नपत्रिका कमी-अधिक कठीण असू शकतात म्हणून गुणांचे सामान्यीकरण केले जाते, म्हणजे एका सत्राला अवघड पेपर आला तर त्याचा तोटा होऊ नये यासाठी सांख्यिकीच्या आधारे गुण समपातळीवर आणले जातात. ही पद्धत इतकी काटेकोर आहे की तीत गारा बसत नाहीत. संस्थांनी विविधतेसाठी अभियांत्रिकीबाह्य पदवीधरांना काही झुकते माप दिले, विद्यार्थिनींसाठी काही गुण राखले, आणि या दोहोंमागे सबळ कारणे आहेत. पण ज्याच्या वर्षभराच्या शुल्काची तजवीज परीक्षा चालू असतानाच जमिनीवर पडली, त्याचा प्रवर्ग अजून कोणी कल्पिलेला नाही.

या सर्व अंदाजकारांत प्रामाणिक ठरते ती एकटी बँक, आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ते स्वाभाविकच आहे. अहमदाबादचा दोन वर्षांचा खर्च २५ लाख रुपयांच्या घरात जातो, आणि शैक्षणिक कर्जाच्या रूढ पद्धतीनुसार साडेसात लाखांच्या वरच्या रकमेला तारण द्यावे लागते. परंतु मोठ्या बँकांनी स्वतःच नामांकित संस्थांच्या याद्या केल्या असून, त्यांतील अव्वल संस्थेचे प्रवेशपत्र आणणाऱ्याकडे तारण मागितले जात नाही. शिकवणी वर्ग, मामा आणि शेजारी यांची मते बाजूला ठेवून केवळ ही यादी वाचली, तरी कोणत्या संस्थेची किंमत किती याचे इतके स्पष्टवक्ते मूल्यमापन दुसरीकडे मिळणार नाही. यादीबाहेरच्या महाविद्यालयाचे प्रवेशपत्र पाहून शाखाधिकारी जो चहा मागवत नाही, त्यातही ते पुरेसे व्यक्त होते. अशा अर्जदाराचे वडील मग सातबारा पुढे करतात, आणि येथे कायदा आडवा येतो. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून अशी जमीन शैक्षणिक कर्जाला तारण धरायला बँक नाखूष असते. लाखोंचा माल देणारी बाग या हिशेबात निरुपयोगी ठरते, आणि नाशिकमध्ये एखादा फ्लॅट आहे का, अशी विचारणा होते.

आता एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे इतक्या अविश्वसनीय मालाला मागणी का आहे. त्याचे उत्तर प्रवेशाच्या नव्हे, लग्नाच्या बाजारात शोधावे लागते. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार जिल्ह्यातील प्रत्येक वधू-वर मेळाव्यात ऐकू येते, आणि बायोडेटावर व्यवसाय या शब्दापुढे 'शेती' लिहिण्याऐवजी 'एमबीएची तयारी चालू आहे' असे लिहिले, की निदान पत्रिका परत येत नाही. शक्यता जिवंत आहे तोवर अर्जदार शेतकरी नसतो आणि बेकारही नसतो. म्हणून पहिल्या वर्षी कॅट हुकली तर राज्याची सीईटी, जिच्या गुणांवर मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश मिळतो आणि जिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने शक्यता कधीच ऋण होत नाही, आणि तीही हुकली तर पुन्हा कॅट, अशी दोन हंगामांची फेरपालट काही घरांत तीन-चार वर्षे चालते; समुपदेशक दर वेळी चान्स वाढल्याचे सांगतो, मामा दुजोरा देतो. वधूपिता मात्र हे सारे शांतपणे ऐकून घेतो, पर्सेंटाइलचा आकडा विचारत नाही, संस्थेचे नावही विचारत नाही, आणि चहा संपल्यावर नाशिकमध्ये एखादा फ्लॅट आहे का, एवढीच विचारणा करतो.