आहेराच्या पाकिटातली सही

ऐकलंत का? आमच्या शेजारच्या काकांनी पुतणीच्या लग्नात आहेरावर हात मारला! पाकिटं फोडून वहीत नावं लिहायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं, तेव्हाच काकूंनी ओळखायला हवं होतं. एरवी हा माणूस घरातलं दुधाचं बिलसुद्धा लिहीत नाही. नवऱ्यामुलाच्या आजीने एकशे एकातला वरचा 'एक' म्हणून जुनी एक रुपयाची नोट घातली होती. काकांनी ती अलगद खिशात सरकवली आणि तिच्या जागी बंदा रुपया ठेवला. कशासाठी? नोटेवर मनमोहन सिंगांची सही होती म्हणून!

एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, आणि तिच्यावर सही अर्थसचिवाची. मनमोहन सिंग १९७६ ते १९८० अर्थसचिव होते. १९८२ मध्ये गव्हर्नर झाले, म्हणजे पुढे मोठ्या नोटांवरही तेच. माजी पंतप्रधानाची सही अशी चिल्लरीत पडलेली काकांना बघवत नाही.

लोक क्रिकेटवाल्यांच्या मागे वह्या घेऊन पळतात ते एक वेळ समजतं. ही नोटा जमवणारी मंडळी साहेबलोकांच्या सहीवर जीव टाकतात, तीही छापील! काकांचा अल्बम उघडला की दोन हातांच्या आत चहाचा कप चालत नाही. हातात चिमटा, डोळ्याला भिंग. जुन्या गड्डीच्या पिनेचं भोक दिसलं की चेहरा असा, जणू घरात कुणी गेलंय.

त्या अल्बमात रोह्याचे आपले चिंतामणराव देशमुख आहेत, १९४३ मध्ये झालेले पहिले भारतीय गव्हर्नर. चित्र पंचम जॉर्जच्या मुलाचं, सही मराठी माणसाची, आणि हे स्वातंत्र्यानंतरही चाललं. त्याहून खमंग म्हणजे, फाळणीनंतर पाकिस्तानसाठी नोटा नाशिकला छापल्या. वर 'पाकिस्तान सरकार', खाली देशमुख! पुढे मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं तेही हेच. काका ते पान उलटताना आवाज खाली आणतात.

आणि भाव कशावर ठरतो म्हणता? खुर्चीवर जितके कमी दिवस, तितकी सही महाग! अदारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, पण गांधीशताब्दीच्या नोटांवर सही करून गेले. सेनगुप्ता १९७५ मध्ये तीन महिने. त्यांची सही हजाराच्या नोटेवर, आणि ती हजाराची नोट १९७८ मध्ये सरकारने बाद केली. मग काय, काका नुसतं नाव निघालं तरी सुस्कारे टाकतात. आंबेगावकर १९५७ मध्ये दीड महिना होते, पण गव्हर्नर म्हणून त्यांची सही नोटेवर आलीच नाही. तरी काकांनी त्यांना गाठलंच, अर्थसचिव असतानाच्या रुपयाच्या नोटेवर.

नोटाबंदीनंतर काकूंच्या हाती मात्र हुकमी पत्ता आलाय. २०१७ च्या कायद्याने बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापर्यंतच ठेवता येतात, छंदिष्टांना फार तर पंचवीस. "सव्विसावी सापडली की मीच पोलिसांना फोन करते," हे त्या पोळ्या लाटता लाटता दिवसातून एकदा म्हणतात.

असो, लग्नाचं राहिलंच. जेवणं आटोपल्यावर नवरदेव स्वतः टेबलापाशी आला. आजीचं पाकीट उचलून आत बघितलं, आणि एकदम पडलेल्या आवाजात म्हणाला, "काका, यातली नोट? आजीने माझ्यासाठी मुद्दाम जपून ठेवली होती."

काकांनी मान खाली घालून ती खिशातून काढली आणि पुढे केली. नवरदेवाने हात लावला नाही. शेरवानीच्या आतल्या खिशातून त्याने आधी चिमटा काढला.