खिशापुरती फॅशन

बायकांच्या कपड्यांना खिसा का नसतो, या प्रश्नाची मला आजवर जेवढी उत्तरं मिळाली ती सगळी पुरुषांनी दिली, आणि देताना प्रत्येकाचा एक हात खिशात होता. ‘फिटिंग बिघडतं’ हे एक. ‘फुगून दिसतं, बरं नाही वाटत’ हे दुसरं. ‘पर्स असते की तुमच्याकडे!’ हे तिसरं, आणि सगळ्यांत डोक्यात जाणारं. पर्स कुठे ठेवली हे आठवण्यात बाईचं अर्धं आयुष्य जातं आणि उरलेलं अर्धं पर्सच्या तळाशी गेलेली किल्ली चाचपण्यात.

जीन्सला खिसे असतात म्हणून मला सुनेचा हेवा वाटायचा. तो फार दिवस टिकला नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या ‘द पुडिंग’ नावाच्या ऑनलाइन नियतकालिकानं २० ब्रँडांच्या ८० जीन्स टेप लावून मोजल्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. म्हणजे खिसा दिला, पण निम्मा. सुनेचा मोबाइल त्या खिशातून, चाळीच्या गॅलरीतून वाकून बघणाऱ्या आजोबांसारखा, कमरेपर्यंत बाहेर आलेला असतो. कधी तोल जाईल याचा नेम नाही.

आमच्या आज्या या बाबतीत जास्त पुढारलेल्या. नऊवारीला शिंपी लागत नसे, त्यामुळे खिशासाठी कुणाच्या मिनतवाऱ्याही कराव्या लागत नसत. पैसे कनवटीला, फुलं-भाजी ओच्यात, पान-सुपारी चंचीत. सगळा संसार अंगावर आणि दोन्ही हात भांडायला मोकळे. आईची पिढी पाचवारीत आली तेव्हा कनवट गेली, पण अक्कल शाबूत होती. लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की आई आधी परकराला आतून चोरखिसा शिवायची, मग बॅग भरायची. माझ्या पिढीनं सुटसुटीत म्हणून पंजाबी ड्रेस घेतला आणि कनवट, ओचा, चोरखिसा सगळ्यांवर एकदमच पाणी सोडलं.

सून म्हणते, प्रत्येकाची एक ‘सिग्नेचर स्टाइल’ असते, ती आपण शोधायची. माझी साधी सही बँकेत जुळत नाही, स्टाइल कुठून जुळणार? तरी विचार करून पाहिला. मला लेस नको, लटकन नको, पाठीवर खिडकी नको. मला खिसा हवा. एवढा खोल, की हात मनगटापर्यंत आत जावा आणि भाजीवाल्याशी बोलताना मी तो तसाच आत ठेवून ऐटीत उभी राहावी. हीच माझी स्टाइल.

आमचे टेलर मास्तर सज्जन माणूस. त्यांनी आजवर मला कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही.

‘मास्तर, या ड्रेसला उजव्या बाजूला खिसा लावा.’

‘लावू की ताई, त्यात काय!’

ड्रेस आला. गळ्याला न सांगितलेली लेस होती, पाठीला नाडी होती, नाडीला घुंगरू होते. खिसा नव्हता. ‘कापड पुरलं नाही ताई,’ असं म्हणून मास्तरांनी उरलेल्या कापडाचा प्रेमानं शिवलेला बटवा माझ्या हातात ठेवला.

तो बटवा घेऊनच मी आमच्या गल्लीतल्या शिवणक्लासचा जिना चढले.

क्लासच्या बाईंना मी माझी मागणी स्पष्ट सांगितली. मला फक्त खिसा शिकायचा आहे. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आधी झबलं.’

शिवणक्लासचा अभ्यासक्रम माणसाच्या जन्मापासून सुरू होतो हे मला ठाऊक नव्हतं. झबलं, टोपडं, मग फ्रॉक, परकर-पोलकं, मग ब्लाउज आणि त्यानंतर कुर्ता. म्हणजे या वयात मला पुन्हा जन्म घेऊन, रांगत, चालत, वयात येऊन खिशापर्यंत पोचायचं होतं. ‘झबल्यालाच खिसा लावते की,’ मी म्हटलं. ‘बाळ काय ठेवणार त्यात?’ बाईंनी विचारलं, आणि विषय संपला.

त्याच्याही आधी कागद. सुईत दोरा न ओवता वहीच्या रेघांवरून मशीन चालवायचं. पायमशीनचं चाक हातानं आपल्याकडे फिरवायचं आणि पायांनी तीच लय धरायची. पाय जरा चुकला की चाक उलटं फिरतं आणि दोरा ओवलेला असला तर तुटतो. क्लासमधल्या सगळ्या जणी आपापल्या टेलरवर रागावून आलेल्या होत्या. एकीला गळा खोल हवा होता, दुसरीला बंद. दोघींनाही त्यांच्या टेलरनं मधलाच गळा शिवून दिला होता. एक कॉलेजची मुलगी आजीच्या इरकलीचं जाकीट शिवायला आली होती, कारण सगळ्या दुकानांत सगळ्यांना होणारं आणि कुणालाच न बसणारं एकच जाकीट मिळतं, असं तिचं म्हणणं होतं. मुंढा, घेर, अस्तर, टक्स हे शब्द आम्ही इतक्या त्वेषानं उच्चारायचो की खालच्या किराणावाल्याला वर पक्षाची बैठक भरते असं वाटत असे.

माझं झबलं बाईंनी पास केलं. सुती कापड आटतं म्हणून ते आधी पाण्यातून काढायचं असतं. मी शिवल्यावरही एकदा धुऊन दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळी समोरच्या काकू पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. ‘आम्हाला सांगायचं नाही होय? कितवा चाललाय?’ हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या सुनेला रात्रीपर्यंत अभिनंदनाचे सात फोन आले. आठवा तिच्या आईचा होता आणि तो अभिनंदनाचा नव्हता. टोपडं मी घरात, पंख्याखाली वाळवलं.

घरात नवा कायदाही आला. कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, धार जाते. हा कायदा मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी त्याच कात्रीनं दुधाची पिशवी कापली आणि वर म्हणाले, ‘कागद कुठाय? प्लॅस्टिक आहे.’ ह्यांनी वकिली न करता बँकेत नोकरी का केली, हे मला अजून कळलेलं नाही.

ते बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे माझ्या शिक्षणाला त्यांनी इतिहासाची जोड दिली. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, असं त्यांनी एका संध्याकाळी सांगितलं. ते खरं आहे. १९२४ साली गांधीजी म्हणाले होते की हाती शिवत बसलेल्या बायकोचे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं मशीन काढलं. ‘बघ, नवरा असा असतो!’ असं म्हणून ह्यांनी चहा मागितला. मी सिंगरची अधिक माहिती काढली. आयझॅक सिंगरला १८५१ साली पेटंट मिळालं हे बरोबर. पण त्यांचं प्रेम एका बायकोत मावण्याइतकं लहान नव्हतं. चार-पाच संसार आणि वीसहून जास्त मुलं एवढा त्यांचा पसारा होता. एवढ्या झबल्यांचा हिशेब घातला तर मशीन काढण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं.

जीन्सचीही गोष्ट अशीच. नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याला टिकेल अशी पँट शिवून द्या. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. कापडाचा व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस याच्याबरोबर त्यानं १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं. जगातल्या सगळ्यांत मजबूत खिशासाठी तगादा लावला तो बाईनं आणि खिसा मिळाला नवऱ्याला! हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात पायजम्याच्या खिशात होते.

यथावकाश मी वयात आले. कुर्त्याचा धडा लागला. बाई म्हणाल्या, ‘हं, आता हात ठेवा.’ खिशाला कागदावरचं सूत्र नसतं. छातीचा चौथा भाग अधिक एक इंच वगैरे काही नाही. घडी घातलेल्या कापडावर आपलाच पंजा पालथा ठेवायचा, बोटं किंचित पसरायची आणि भोवती सैलसर खडू फिरवायचा. वर शिलाईचं मार्जिन धरायचं आणि कापायचं. असे चार तुकडे निघतात, म्हणजे दोन खिशांच्या दोन जोड्या. आरशासमोर हात सहज सोडून उभं राहायचं. मनगट जिथे येतं त्याच्या जरा वर खूण करायची. एक तुकडा पुढच्या भागाला, एक मागच्या भागाला, सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवून कच्च्या टाक्यानं जोडायचे. मग काखेपासून टीप मारत खाली यायचं आणि खिशाशी आलं की सरळ न जाता त्याच्या पोटाला वळसा घालून पुन्हा बाजूला लागायचं. तोंडाच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारून पक्कं करायचं, कारण खिसा फाटतो तो तिथेच. उलगडून इस्त्री फिरवली की बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. फिटिंग बिघडत नाही, फुगत नाही. आजवरच्या तिन्ही उत्तरांचा निकाल पंधरा इंचांच्या टिपेत लागला.

आतलं कापड मी ह्यांच्या निळ्या चौकड्यांच्या जुन्या शर्टाचं लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा प्रथमच माझ्या खिशात आला.

तो कुर्ता घालून मी तुळशीबागेत गेले. हात खिशात, मान ताठ. हात खिशात असला की बाई घाईत दिसत नाही, हे मला तिथे कळलं; आणि घाईत न दिसणाऱ्या बाईला दुकानदार भाव लवकर कमी करून देतो. टेलर मास्तरांनाही मुद्दाम दाखवून आले. त्यांनी शिवण उलटून पाहिली, अंगठ्यानं ताणून पाहिली आणि म्हणाले, ‘चांगलाय ताई. पण एका बाजूला लेस हवी होती.’

खिशाची बातमी घरात मात्र चुकीच्या अर्थानं पसरली. ‘तुझ्याकडे खिसा आहे ना? हे ठेव जरा.’ सिनेमाची तिकिटं, ह्यांच्या गोळ्यांची पट्टी, मुलाचा चार्जर, सुनेचा तो आजोबा मोबाइल, एका लग्नात तर व्याह्यांची कवळी. ज्यांना स्वतःचे चार-चार खिसे आहेत त्यांचंही सामान माझ्याकडे. पंजा माझा, कापड ह्यांचं आणि वहिवाट सगळ्या घराची.

म्हणून परवा बाईंकडे गेले आणि अभ्यासक्रमात नसलेला एक धडा मागून घेतला. नव्या कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे आहेत, ते सार्वजनिक. तिसरा आतून आहे. त्यात दोनशे रुपये, खडीसाखर आणि घराची माझी स्वतंत्र किल्ली आहे. तो नेमका कुठल्या शिवणीत आहे हे लिहिणार होते, पण आमचे हे माझं लिखाण छापून आलं की पहिल्यांदा वाचतात.