आबा पटाले गेल्ते

मेहकरात आमच्या आणि शेजारच्या आबांच्या अंगणात तुराट्यांचा कूड आहे. दर पावसाळ्यात त्याला उधई लागते, दर दिवाळीला आबा नव्या तुराट्या बांधतात, आणि मधलं एक खिंडार दरवर्षी न चुकता तसंच ठेवतात. त्यातून वाटीभर साखर, विरजण, कालचं वर्तमानपत्र अशी देवाणघेवाण चालते. बातम्याही तिथूनच येतात. साखर परत करावी लागते, बातमी नाही.

त्या सकाळी खिंडारात काकूंचं डोकं दिसलं. हातात निरश्या दुधाचा गंज.

"गुरुजी, आयकलं काय? आले तुमचे आबा. रात्री साडेअकराले. गाडीहून उतरता येईना. पोट्ट्यानं बखोटीले धरून उतरोलं."

"कुठे गेले होते?"

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच त्यांना फूस लावली होती. "तुमाले ठाव नाई? तयेगाव दशासरले. पटाले. सहासट वर्साचा मानूस, त्या जुन्या स्प्लेंडरवर, थंडीच्या दिवसात! म्या म्हनलं यष्टीनं जा. तर म्हनते, यष्टी काय मह्यासाठी थांबते?"

तळेगाव दशासर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, धामणगाव रेल्वे तालुक्यातलं गाव. तिथला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, अख्ख्या विदर्भात नावाजलेला. कृषक सुधार मंडळ तो भरवतं. मेहकराहून एका अंगाने दीडशेच्या वर किलोमीटर. डोणगाव, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, आणि मग पुढे. रस्ता जुना नागपूर–औरंगाबादचाच.

"समृद्धीनं गेले असते तर दोन तासांत पोचले असते," मी म्हणालो, आणि म्हणताना लक्षात आलं की काहीतरी चुकलं.

"कशाचं समृद्धी!" कुडापलीकडून आबांचा आवाज आला. ते बाजेवर पालथे पडले होते आणि आतापर्यंत झोपेचं सोंग चाललं होतं. "सातशे एक किलोमीटरचा रस्ता केला, आपल्या शिवारातून नेला, अन् दुचाकीले बंदी! खालून आमी फटफट करत चाल्लो, वरून मोटारी सूं सूं. नातू म्हने, आबा, तिथी एकशेवीसनं चालता येते. म्या म्हनलं, बाबू, आपली गाडी उताराले पासट गेली तरी हँडल कापते."

हा नातू म्हणजे त्यांच्या पुतण्याचा मुलगा, पुण्यात शिकतो. खरं तर ही सगळी खटपट त्याच्यामुळे झाली. संक्रांतीला आला तेव्हा मोबाईलवर मातीतल्या मोटारींच्या शर्यती लावून बसला होता. गाड्या आडव्या होतात, धुरळा उडतो, चाकं खड्ड्यातून वर येतात. पुण्याचे संजय टकले 2025 च्या जानेवारीत सौदी अरबस्तानात लँड क्रूझर घेऊन डकार क्लासिकला उतरले होते, हे त्याने आबांना कौतुकाने सांगितलं. आबांनी चष्मा पुसून ती वाळू बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "आन याच्यात जीव कोनता हाये?" नातू म्हणाला, ड्रायव्हर. आबा म्हणाले, "मंग चाल, तुले दोन जास्तीचे जीव असलेली शर्यत दाखवतो."

झालं. पहाटे पाचला निघाले.

"कानटोपी, त्याच्यावर मफलर, त्याच्यावर हेल्मेट," काकू म्हणाल्या. "डोकं एवढं झालं, का हेल्मेटचा पट्टाच लागेना. शेवटी सुतळी बांधली."

"सुतळी नाई, नाडा होता," आबा बाजेवरून.

शेलूबाजारच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. दीड किलोमीटर ढकलत नेलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली तर चार ठिकाणी बुडबुडे. नातवाने नवी ट्यूब टाकायचं सांगितलं, आबांनी चारही ठिकाणी ठिगळं लावून घेतली. ("नवी ट्यूब नव्या नवरीसारखी, तिले सांभायाव लागते," हे त्यांचं म्हणणं. काकूंनी गंज खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.) येताना त्यातलं एक ठिगळ कारंज्यापुढे सुटलंच. रात्रीचे साडेअकरा त्यामुळे वाजले.

पण पट? पट कसा होता?

इथे आबा उठून बसले. कंबर धरून, पण बसले.

"गुरुजी, तुमी सांगली-सातारकडचा पाह्यला असन. तिकडं पाच-सात जोड्या संगच सोडतात. तयेगावले तसं नाई. एकच जोडी सुटते. तिचं भांडन घड्याळाशी. सेकंदाचेबी तुकडे पाडतात. आदी धूय दिसते. मंग आवाज येते, आन आवाज येईपर्यंत जोडी तुमच्या म्होरून गेलेली असते. धुरकरी त्या छकड्यावर असा..." त्यांनी बाजेवर उकिडवं बसून दाखवलं आणि कळ आली म्हणून परत आडवे झाले.

"आन हातात काई नाई," आडव्यानेच पुढे म्हणाले. "तुतारी नाई, आर नाई, चाबूक नाई. आता कायदाच तसा. नुसत्या तोंडानं पयवतो."

कायद्याची गोष्ट आबांच्या घरात जपूनच काढावी लागते. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा आबांच्या गोठ्यात पटाची जोडी होती. एक पांढरा, एक कबरा. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, बैलाला इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, पण शर्यती काही सुरू होईनात, प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. परवानगी आली 16 डिसेंबर 2021 ला, आणि पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला 18 मे 2023 ला. तारखा मला पाठ आहेत, कारण प्रत्येक वेळी आबा वर्तमानपत्र घेऊन याच खिंडारात उभे राहिले होते. 2014 ची बातमी मी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावली, न्यायमूर्तींच्या नावासकट. जोडी दोन वर्षं नुसती खात उभी राहिली. मग विकली. मग ट्रॅक्टरच्या हप्त्याचा विषय सुरू झाला, तो अजून चालू आहे.

बैलांना इजा होत होती की नाही, यावर मी आबांशी एकदाच वाद घातला. आर टोचलेली मी लहानपणी पाहिलेली आहे, शेपटीला चावा घेतलेलाही पाहिलेला आहे. आबा तेव्हा गप्प बसले होते आणि दोन दिवस वर्तमानपत्र न्यायला आले नाहीत.

"पहिला नंबर कोणाचा?" मी विचारलं.

आबांनी उशीत तोंड घातलं.

उत्तर काकूंनी दिलं. "त्यायले काय ठाव! नातवानं सांगतलं मले. सगळ्यात तेज जोडी सुटली, आन हे चष्मा पुसू रायले होते. धूय बसली म्हने काचेवर. पुसून डोयाले लावला, तर जोडी पार तिकडं! तीनशे किलोमीटर गाडी हाकली, आन जे पाहाले गेले तेच नाई पाह्यलं!" काकू इतक्या हसल्या की गंजातलं दूध कुडावर सांडलं.

"म्या पट पाहाले नव्हतो गेलो," आबा उशीतून म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. नातू दिवसभर दोरीला चिकटून उभा होता, मोबाईल वर धरून. आबा मात्र मागे, बैल बांधले होते तिथे. कोणाच्या बैलाला भरड्यात किती जवस, कोण दूध-अंडी चारतो, कोणाचा खूर फाकलाय, कोणाचा खांदा जुवाने सुजलाय. एका मालकाने यांना ढेपेवर बसवून चहा पाजला. त्याचा बैल यांचा हात चाटायला लागला, तेव्हा यांनी त्याच्या गळ्याखालची पोळी चोळत अर्धा तास काढला. सांगलीकडे 2023 मध्ये पहिल्या बक्षिसाला थार गाडी ठेवली होती, हे त्या मालकाने सांगितलं, तर आबा म्हणाले, "बैलाले काय देल्लं?" मालक म्हणे विचारात पडला.

"बायांचाबी पट असते म्हने तिथी," काकू म्हणाल्या. "बाया छकडा हाकतात."

"असते. धुरकरी बाया. काय जोर!"

"मंग मले काऊन नाई नेलं?"

आबा काही बोलले नाहीत. स्प्लेंडरवर तिघं बसत नाहीत हे उत्तर होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. शहाणा माणूस.

काकू दूध तापवायला आत गेल्या, तसे आबा कंबर धरून खिंडाराशी आले आणि धोतराच्या घोळातून एक पिशवी काढली. आत घुंगरमाळ. चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं, नवीन, हळदीसारखी पिवळी. एक घुंगरू बोटाने हळूच दाबून धरून त्यांनी बाकीची मला दाखवली, वाजू नये म्हणून.

"आबा, बैल कुठाय?"

"बैल कशाले पायजे? गाडीले बांधतो. हँडलले."

"कितीला घेतली?"

त्यांनी आत पाहिलं, आवाज उतरवला. "चौदाशे. तिले साडेच्यारशे सांगतलं. तुमी बोलू नका."

पिशवी धोतरात गेली, आबा बाजेवर गेले, आणि मी वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच खिंडारात परत काकू. आता हातात गंज नव्हता.

"गुरुजी, खरं सांगा. तुमाले कितीची सांगतली?"

बाजेवर आबा पालथे, डोळे मिटलेले, एक कान मात्र आमच्याकडे.

"काकू," मी म्हणालो, "दूध उतू चाललं बघा."