तक्रार कशी मुरवावी

नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून नव्याने रुजू झालेल्या साहेब-मॅडमांसाठी ही प्राथमिक मार्गदर्शिका. वसुली, अतिक्रमण, भटकी कुत्री यांचं प्रशिक्षण तुम्हाला मिळालेलं असतं. कार्यालयातल्या बाईने वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दिली तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. म्हणजे 2013 च्या कायद्याने शिकवलंय, पण तो वाचला की काम वाढतं.

तक्रारीवर आवक क्रमांक पडण्याआधीच बाईंना केबिनमध्ये बोलवा, चहा मागवा आणि ‘ताई’ म्हणा. ‘ताई, लेखी कशाला देताय? मी बोलतो त्याच्याशी. त्याचीही मुलं लहान आहेत.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. बाईंची मुलं केवढी आहेत, हे विचारायची गरज नसते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, त्यामुळे चहा जितके दिवस चालेल तितका बरा. समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते बाईंना सांगणार कोण?

लेखी तक्रार आलीच तर समिती शोधावी लागेल. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, अशी अंतर्गत समिती कायद्याला हवी असते. नसेल तर घाबरू नका, मागच्या तारखेचा आदेश टाईप करायला अर्धा तास पुरतो. अध्यक्षपदी अशा बाई नेमा, ज्यांचा गोपनीय अहवाल आरोप असलेले साहेबच लिहितात. पत्रकाराने विचारलं तर नगरसेविकांच्या महिला व बालकल्याण समितीकडे बोट दाखवा. ती शिलाई मशिनं वाटते, पण नावात ‘महिला’ आहे आणि ‘समिती’ही आहे.

तक्रारदार कंत्राटी सफाई कामगार असेल तर काम फारच सोपं. पहाटे हजेरी शेडवर मुकादम बसतो. खाडा कुणाचा मांडायचा, कुणाला कुठली गल्ली झाडायला द्यायची, हे तोच ठरवतो. त्याच्याविरुद्ध ती बोलली तर म्हणा, ‘ही आमची कर्मचारीच नाही, ठेकेदाराची आहे.’ ठेकेदार म्हणेल, मुकादम पालिकेचा आहे. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी, अगदी बिनपगारी बाईसुद्धा कर्मचारीच आहे. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं समितीचं कर्तव्य आहे. तुम्ही मात्र ‘अर्ज विहित नमुन्यात नाही’ असा शेरा मारा. पुढच्या आठवड्यात तिचं नाव मस्टरवर नसेल. ते काही तुम्ही काढलेलं नसतं!

(हा कायदा ज्यांच्यामुळे आला त्या राजस्थानच्या भंवरीदेवी सरकारी योजनेतल्या ‘साथीन’ होत्या. बालविवाह रोखायला सरकारनेच नेमलेल्या. त्याच कामाच्या रागातून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं लागली. त्या मानाने तुमची फाईल वेगात आहे.)

बदली करायची ती तिचीच. चौकशीच्या काळात तिने लेखी मागितलं, तर दोघांपैकी कुणाचीही बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते. तुम्ही तिच्या मागण्याची वाट पाहू नका. ‘प्रशासकीय कारणास्तव’ तिला कचरा डेपोच्या वजनकाट्यावर बसवा. त्याला हलवलंत तर संघटना दारात येऊन बसेल.

चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. ती रखडवणं कुणालाही जमतं, जाणकार ती घाईने उरकतात. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने इतकी घाई केली, की आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळच मिळाला नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली आणि चौदा वर्षांनी ती चौकशी पुन्हा मे 2009 मध्ये जाऊन उभी राहिली. तक्रार करणाऱ्यांनी तोवर काय करायचं, याचं कलम कायद्यात नाही.

एवढं करूनही अहवालाने त्याला दोषी धरलं, तर साठ दिवसांत कारवाई करावी लागते. अशा वेळी फाईलवर ‘विभागीय चौकशी प्रस्तावित’ लिहा आणि सगळं पहिल्यापासून सुरू करा. समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मेधा कोतवाल-लेले यांच्या प्रकरणात 2004 मध्येच सांगितलंय. आस्थापना विभागातल्या जुन्या लिपिकाला ते माहीत नसतं आणि तुम्ही ते सांगायचं नसतं. फाईल अशी लोणच्यासारखी मुरेपर्यंत साहेब निवृत्त होतात. शाल-श्रीफळ तुमच्याच हस्ते. वार्षिक अहवालात तक्रारींची संख्या ‘निरंक’.

समितीच न नेमल्याबद्दल पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, तेवढी जोखीम पत्करा.

इथवर मुख्याधिकाऱ्यांसाठी. आता घरपट्टी भरायला पालिकेत जाणाऱ्यांसाठी: समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणं कलम 19 नुसार बंधनकारक आहे. तो दिसला नाही तर लेखी अर्ज देऊन विचारा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.