माय बिचारी नव्हती

माय गेल्यावर भेटायला येणारे एकच म्हणायचे, "सुटली बिचारी." सुटली असेलही. पण बिचारी? चुलबंद नदीकाठच्या आमच्या गावात, लाखांदूर तालुक्यात, ती धडधाकट असताना असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. खाटेला खिळल्यावर तर नाहीच नाही.

अर्धांगवायूनं तिचा डावा हात-पाय नेला, जीभ शाबूत ठेवली. एक शिकलेले पाहुणे खाटेशी बसून म्हणाले, "लाखोरीची डाळ खाऊन होते असं." लाखोरी बदनाम आहे, हे खरं. धान उभा असतानाच ओल्या बांधीत फेकायची. नांगरट नाही, पाणी देणं नाही. पण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच पोटात गेली की माणसाचे पाय लुळे पडतात, म्हणून 1961 पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. मात्र लाखोरी नेते ते दोन्ही पाय. मायचा एकच गेला होता, तोही हातासकट. हे मी मांडायच्या आतच तिनं विचारलं, "मंग तुमी आता चार वडे खाल्ले, ते कोनत्या डाळीचे होते?" पाहुणे चहा न पिता उठले. जाताना चाल ठीक होती.

रोवणीच्या दिवसांत तिची खाट ओसरीवर यायची. तिथून बांधी दिसत नसे. तिला गरजही नव्हती. परतणाऱ्या बायांच्या लुगड्यांवरचा चिखल पाहून ती कुणाच्या बांधीत किती पाणी आहे ते सांगे, वर मजुरी ठरवून देई. मजुरी तिला कुणी विचारली नव्हती.

तिचा खरा जीव मात्र दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावोगावच्या जत्रेत. दिवसा दंडारीचा खेळ, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. पूर्वी सतरंजी-चादर घेऊन पुढची जागा धरणारी माय आता सकाळी आमच्याकडून अख्खं नाटक वदवून घ्यायची. एकदा धाकटा भाऊ तिसऱ्या अंकात झोपला आणि शेवट त्यानं मनानंच रचला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "खलनायक असा मरत नाई," ती म्हणाली. "मरायच्या आधी त्याले गानं म्हनू देल्लं का?" पुढच्या रात्री दुसऱ्या गावच्या मंडईत तेच नाटक होतं, भावाला जावं लागलं. गाणं होतं.

2023 साली आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. बातमी वाचून दाखवली, तर म्हणाली, "आता देल्ला? मले वाटलं, कवाचाच भेटला असन." दिल्लीच्या कारभारावर इतकी नेमकी टीका मी अग्रलेखातही वाचलेली नाही.

दुखणं काही गमतीचं नव्हतं. पाठीला जखमा होत, रात्र रात्र कण्हणं चाले, आणि कूस बदलून देणाऱ्या माझ्या बायकोला कौतुकापेक्षा शिव्याच जास्त मिळाल्या. अखेरीला तर शिव्याही थांबल्या. पण त्या आधीची बरीच वर्षं आमचं घर त्या खाटेवरूनच चाललं, आणि बरं चाललं.

तुमच्या ओळखीत कुणी असं खाटेवर असेल, तर जरूर जा. तब्येतीचं एकदाच विचारा. मग मंडईत कोणतं नाटक लागलंय ते सांगा. आणि मध्येच झोपला असाल, तर शेवट पाहून मगच जा.