स्ट्रीकचा वसा

राजापूरकडच्या आमच्या गावी मोबाइलला रेंज मिळते ती फक्त सड्यावर, तीही आकाशाची मर्जी असेल तर. गणपतीत पाऊस धो धो कोसळत असताना दहावीतली पुतणी छत्री घेऊन पाखाडी चढायला निघाली आणि घरात चौकशी समिती बसली.

"स्ट्रीक तुटेल," ती म्हणाली.

ज्यांच्या घरात पोरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. स्नॅपचॅटवर दोन मैत्रिणींनी २४ तासांत एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. रोज पाठवत राहिलं की नावापुढे ज्वाळा पेटते आणि दिवसांचा आकडा चढत जातो. वेळ भरत आली की वाळूचं घड्याळ दिसतं. चुकलात की सगळं शून्य. पुतणीचा आकडा ४१२ होता. एवढं जपून ती पाठवते काय, म्हणून मी डोकावलो. अर्धं कपाळ आणि छताचा पंखा. दुसऱ्यात नुसता अंधार.

दादाने "आमच्या वेळी" सुरू केलं. मुंबईत असला की हाच माणूस दात घासायच्या आधी बारा ग्रुपांवर सूर्योदय वाटतो. ते असो. या अ‍ॅपला वयाची अट १३. पुतणीने ते पाचवीत असतानाच घेतलं आणि जन्मसाल असं टाकलं की खात्याच्या हिशेबाने ती आता लग्नाची झाली आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आली. पण आमच्याकडे पालकांचा ओटीपी वाचून देते तीसुद्धा हीच.

घरात तिची बाजू कळली ती एकट्या आईला. परवाच हरताळकेचा उपास करून बसलेली बाई! तिने गव्हाचे दाणे निवडता निवडता विचारलं, "एक दिवस राहिला तर?"

"गेलं सगळं, आजी. पण पैसे भरून परत जोडता येते."

"म्हणजे प्रायश्चित्ताची सोय आहे. आणि उद्यापन कधी?"

"उद्यापन नसतंच."

"अगो, मग घेतलंस कशाला?"

पुतणीला उत्तर सुचेना. तिने सड्याचा नाद सोडला आणि दादाच्या जुन्या लँडलाइनवरून ठाण्याच्या मैत्रिणीला पासवर्ड सांगून टाकला : माझ्या नावाने तू पाठव. तेवढ्यात कळलं की पलीकडची, म्हणजे जिच्याशी ही स्ट्रीक चालू आहे ती, स्वतःच कुडाळला मामाकडे बिनरेंजची बसली आहे आणि तिनेही आपला पासवर्ड शेजारणीला दिलेला आहे. थोडक्यात, एकमेकींची ओळखदेख नसलेल्या दोन मुली पाच दिवस एकमेकींना आपापल्या घरचे पंखे दाखवणार होत्या.

आईला यात काहीच वावगं वाटलं नाही. यजमान आजारी असला की भटजी संकल्प सोडतातच.

"दक्षिणा काय ठरली?" तिने विचारलं.

"एक मिसळ."

"स्वस्तात पडलं," आई म्हणाली आणि गव्हातला खडा अंगणात भिरकावला.